बोटं मोजून

बर्फफोड्या जहाजावर तू पंधरा दिवस,
मग पंधरा दिवस घरी.
केमी बंदरातल्या आम्ही बायका अशाच नांदतो,
अर्धा महिना नवऱ्याच्या, अर्धा स्वतःच्या.

फोनवर तू म्हणालास,
इंजिनखोलीतला तो पोरगा, आर्त्तुरी, सांगत होता:
स्वप्नात आपले हात बघायचे. बोटं मोजायची.
पाचाच्या जागी सहा भरली
की समजायचं, आपण झोपेत आहोत,
आणि मग स्वप्न नेईल तिकडे नाही,
आपल्याला हवं तिकडे जायचं.

मी हसले. तू हसला नाहीस.
"गुरुवारी रात्री. होड्यांच्या धक्क्यावर.
तू मुठीत काहीतरी आण, मी ओळखतो.
उठल्या उठल्या दोघांनी लिहून ठेवायचं.
मी आलो की कागद उघडू."

एकोणतीस वर्षांच्या संसारात
तू मला असं कुठे भेटायला बोलावलं नव्हतंस.

तर मी आठवडाभर बोटं मोजली.
भांडी घासताना, बसची वाट बघताना,
मासळीच्या दुकानात सुटे पैसे घेताना.
दिवसा मोजलं की रात्री आठवतं, म्हणे.
लाम्पेलाबाईंना वाटलं, मी हिशेब तपासतेय;
त्यांनी नाणी परत मोजून दिली, जरा घुश्श्यातच.

रविवारी तू आलास.
बूटही न काढता पिठाच्या डब्यामागचा कागद मागितलास.

माझ्या कागदावर: डाव्या हाताला सात बोटं.
धक्का. फळ्या करकरत होत्या.
खांबाला टेकवलेली बर्फावरची ढकलगाडी.
मुठीत आईचं अंगुस्तान.
अनवाणी होते, पण गार लागत नव्हतं.
कोणी आलं नाही.

तुझ्यावर, डावीकडे कललेल्या त्या अक्षरात:
धक्का. सहा बोटं. हिरवी ढकलगाडी.
तू नव्हतीस.
वाट पाहिली. कंटाळलो.

आणि आपण भांडलो, ओइवा,
कॉफीवर साय धरेपर्यंत भांडलो.
"मी तिथेच होते."
"मग मी कुठे होतो?"
"उशिरा आला असशील."
"तूच लवकर निघाली असशील.
लग्नातून, मयतीतून, सगळीकडूनच निघतेस तू."

मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात.
मनात तर तू होतास.
दिसला धक्का, दिसली ढकलगाडी,
दिसला नाहीस तेवढा तूच.

हिरवीचं म्हणशील तर आपल्या घरचीच हिरवी आहे,
तो काही पुरावा नव्हे.
आर्त्तुरीने ऐकलं तर हसेल.
पण मला अजून वाटतं,
स्वप्न एकच असेल,
फक्त दोघं मावत नसतील त्यात.
माझ्या माहेरच्या सौनातल्या बाकासारखं:
एक उठला की दुसऱ्याने टेकायचं,
आणि लाकूड ऊन लागलं
की ओळखायचं, इथे कोणीतरी होतं.

त्यानंतर तू विषय काढला नाहीस.
मी मात्र बोटं मोजत राहिले. सवय लागली.

काल पहाटे जाग आली तर तू शेजारी,
पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे पळत होती,
धक्क्यावर कोणाला शोधावं तशी.
मी उठले. शिवणाच्या डब्यातून अंगुस्तान आणलं
आणि तुझ्या उघड्या तळव्यात ठेवलं.
मूठ मिटली.
लहान मुलाची मिटते तशी, न विचारता.
लबाडी होती. मला माहीत आहे.
उजाडायच्या आत काढून घेतलं.

सकाळी पाव कापता कापता तू थांबलास.
"काल तू भेटलीस," म्हणालास.
"काहीतरी दिलंस. गार होतं. छोटं.
थांब, सांगू नकोस...
बटण?"

सुरी पावात तशीच अर्धी.
इतक्या वर्षांत तुझा चेहरा मी असा पाहिला नव्हता.

हो, म्हणाले मी. बटणच.

आता दुपार आहे. तू लाकडं फोडतोयस.
मी तुझ्या कोटाचं एक धडधाकट बटण उसवलंय
आणि तेच परत शिवतेय,
बोटात आईचं अंगुस्तान घालून.
मधेच हात उजेडात धरते.
पाच.
पुन्हा मोजते.